चार नंबरचा ग्लास

“नुसत्या खुबूसच्या रोटीवर बिअर पारखायची? चकली तरी ठेवा, वहिनी,” परीक्षक महादेवभाऊजी कुरकुरले. “तिखटानं जीभ बिघडते,” मी म्हटलं. बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून घरगुती बिअरची चोरटी स्पर्धा चालली होती. ग्लासांवर फक्त नंबर; नावांची यादी माझ्या मुठीत. चार नंबर ह्यांचा. पण किकसाठी स्पिरिट कोण घालतं, सगळे वासावरून ओळखत. भाऊजींनी ग्लास नुसता हुंगला, दहापैकी नऊ लिहिले. त्यांना नोकरी ह्यांनीच लावलेली. दुसरा परीक्षक स्वरूप. गेल्या स्पर्धेत ह्यांची बिअर पहिली आली, दुसऱ्या दिवशी स्वरूपची नजर गेली. शुगर असेल, असं सगळ्यांनी ठरवलं; मीसुद्धा. नियमाप्रमाणे मी ग्लास त्यालाही दिला. “घे रे, यल्ला, चल लवकर!” हे दारातून हसले. स्वरूपनं हुंगून ग्लास खाली ठेवला. “वहिनी, माझे डोळे शुगरनं नाही गेले.”