गोधडीची किंमत

खामगावच्या कुरिअरच्या दुकानात द्वारकाबाईंनी पिशवीतून गोधडी काढून काउंटरवर ठेवली. घरातलीच जुनी लुगडी जोडून उन्हाळाभर शिवलेली ती गोधडी कॅनडाला जायची होती, लेकाकडे, गजूकडे.

दुकानातली डिंपल त्यांना चांगली ओळखत होती. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता ती म्हणाली, "काकू, जुन्या कपड्याची गोधडी हाये, किंमत तीनशेच लिहू. मंग तिकडे गजूभाऊले टॅक्स भरा लागत नाही. मांगच्या पार्सलले तसंच केलं होतं ना आपण."

"नको वं. पंधरा हजार लिही."

डिंपलचा पेन हातातच राहिला. "असं काऊन करता, काकू? पहिल्या खेपेले 'लेकाची वस्तू हलकी कशाले दाखवू' म्हणून तुम्ही शालीची किंमत वाढवून लिहाले लावली. तिकडे टॅक्स भरा लागला, तं गजूभाऊ फोनवर केवढे चिडले होते! तुम्हीच तं सांगितलं मले."

"हाव. चांगला अर्धा घंटा बोलला." द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "जेवली का, गुडघा कसा हाये, तेबी इचारलं जाता जाता."

"अन् मांगच्या वेळेस काहीच कटकट नाही झाली. टॅक्स नाही, चिडणं नाही. पार्सल बराबर पोचलं."

द्वारकाबाई गोधडीच्या टाक्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"पोचलं ना. पण ते पोचल्याचं मले तुनं सांगितलं, पोरी. गजूनं नाही."