कोरडा प्रसंग

"हिरोचा बाप मरतो तेव्हा अख्खं थिएटर रडत होतं, आणि हा दीडशहाणा लिहितो, 'प्रसंग कोरडा झालाय.' वर दोनच स्टार!" चहाच्या टपरीवर सुपरहिरोचा टी-शर्ट घातलेली मुलगी तावातावाने बोलत होती.

"मलाही तो सीन नाही भिडला," तिचा मित्र म्हणाला. "समीक्षकाचं काय चुकलं?"

"अरे, त्याला स्वतःला बाप आहे की नाही?"

शेजारच्या बाकावर बसलेल्या समीक्षकाने मुंडण केलेल्या डोक्यावरची टोपी खाली ओढली. बाबांना अग्नी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सुतकातच, तो हा सिनेमा बघायला गेला होता. घरात बसवत नव्हतं.

मुलगी अचानक त्याच्याकडे वळली. "काका, तुम्ही पाहिलात? खरं सांगा, तुम्हाला रडू आलं की नाही?"

चहावर साय धरली होती.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही आलं."