कोमट

"आज पाणी तापतच नाहीये गं," आजींनी न्हाणीघरातून हाक दिली आणि गरम पाण्याचा नळ आणखी सोडला.

कडेवर नातू, उघडाबंब. घरात सगळे त्याला बोकोबा म्हणायचे, कारण अंगाला पाणी लागलं की पोरगं बोक्यासारखं फिस्कारायचं. आजींचा चष्मा बाहेर फळीवर राहिला होता. त्यांनी डावा हात टबात मनगटापर्यंत बुडवला. कोमट. फार तर कोमट. हात तसाच पाण्यात ठेवून त्यांनी बोकोबाला खाली आणलं.

टाच पाण्याला लागली आणि तो किंचाळला.

"झालं का सुरू तुझं?" आजी म्हणाल्या.

पण हे ओरडणं रोजचं नव्हतं. कामावर निघालेली सून एका पायात चप्पल तशीच ठेवून धावत आली. दारातच वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. तिने पोराला हिसकावून घेतलं, टाच गार नळाखाली धरली. मग तिची नजर टबाकडे गेली. सासूबाईंचा हात अजून पाण्यातच होता.

"आई, हात काढा!"

"का गं?"

सुनेने मनगट धरून तो वर ओढला. हात लालबुंद झाला होता. बोटांवर कातडी फुगायला लागली होती. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. आपल्या बाहीतून दुसऱ्याच कुणाचा हात बाहेर आलाय, असं त्यांना वाटलं.

"भाजलं नाही तुम्हाला?"

"भाजलं की." खोटं खरं वाटावं म्हणून त्यांनी तोंडही वाकडं केलं. पण जरा उशिरा.

पोराला छातीशी घट्ट धरून सून एक पाऊल मागे सरकली. ते एक पाऊल आजींना हाताच्या भाजण्याहून जास्त लागलं.

गेले कित्येक महिने त्यांच्या पायाखाली फरशी नव्हती, कापूस होता. बोटांना मुंग्या यायच्या आणि आल्या की जायच्या नाहीत. रोजच्या वापरातली वस्तू हातात असायची आणि तिचं नाव काही केल्या जिभेवर यायचं नाही. मध्येच, कारण नसताना, रडू फुटायचं. मग त्या नळ सोडून भांडी घासत बसायच्या. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण शेवटी पोटच्या पोरांना "तुम्ही कोण?" विचारायला लागली होती. तिचंही असंच बारीकसारीक विसरण्यापासून सुरू झालं होतं. त्या दुखण्याचं नाव घेतलं नाही तर ते घरात शिरणार नाही, अशी आजींनी मनाची समजूत घातली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आजींच्या हाताला मलमपट्टी केली. बोकोबाची टाच पाहिली, वरवरचंच होतं. मग एक लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून त्याचं थरथरतं टोक आजींच्या घोट्यावर टेकवलं.

"थरथर कळते?"

"टेकवलंत का?" आजींनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा खाली ठेवला. "आजी, दिवसभरात खाता काय?"

"खाते की."

"काय खाता?"

आजींनी सुनेकडे पाहिलं. "सकाळी चहा-टोस्ट. दुपारी पोर झोपलं की चहा. रात्री सगळ्यांची जेवणं होईस्तोवर भूकच मरून जाते. मग परत चहा."

"आणि पित्त?"

"त्याची गोळी असते रोज. वर्षानुवर्षं घेतेय, त्यात काय एवढं?"

"आई," सून हळूच म्हणाली, "तुम्ही रोज म्हणता, बसा तुम्ही, मी मागाहून जेवते."

"म्हणते," आजी म्हणाल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "नसांनाही खायला लागतं, आजी. डोक्यालाही. तुम्ही दोघांना उपाशी ठेवलंत. त्यात त्या पित्ताच्या गोळीने, पोटात जायचं तेही अंगी लागू दिलं नाही. अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय."

आजींनी पदराचं टोक मुठीत धरलं. "माझं डोकं जाणार का? बहिणीचं गेलं तसं?"

"तसलं नाही हे, बहुतेक. इंजेक्शनं सुरू करू. विसरणं, रडू येणं हळूहळू कमी व्हायला हवं. हातापायांचं मात्र... उशीर झालाय. किती परत येईल, ते आज नाही सांगता येणार."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द आजींनी घरी आणला. बहुतेक.

त्या संध्याकाळी मुलाने सगळ्यांच्या आधी त्यांचं ताट वाढलं आणि समोर बसून राहिला. अंडं, भाजी, दूध. आजी चावत राहिल्या. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी बघायचा तसा. त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलला.

टाचेला पट्टी बांधलेला बोकोबा रांगत आला आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला. घे म्हणून हात वर केले. आजी हलल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सून थबकली. मग वाकून तिने पोराला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पण त्याच्या पाठीखालचा आपला हात तिने काढला नाही.

काढ तो हात, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय, असं आजींच्या अगदी ओठावर आलं. उजव्या हाताने त्यांनी बोकोबाचा सदरा धरला होता. निदान धरला असावा. खात्री करायला त्यांना खाली बघावं लागलं.

बोटं उघडीच होती.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "राहू दे तुझा हात."