तळहातावरचा ठसा

बोल्ट किती ताणला की तुटतो हे तपासणं ही तिची नोकरी, पण स्वतःच्या सायकलचं, पान्याशिवाय छोट्या दांडीनं उघडणारं क्विक रिलीज चाक तिला म्हणे घट्ट बसवता येत नव्हतं. ऑफिसच्या सायकल स्टँडवर ती रोज सकाळी पुढच्या चाकाची दांडी गुपचूप उघडून ठेवायची आणि खालच्या मजल्यावरचा आराखडेवाला आला की चेहरा पाडून म्हणायची, "अहो, हे परत सैल झालंय बघा!"

तो लगेच गुडघ्यावर बसायचा. "दांडी स्क्रूसारखी गरगर फिरवायची नाही, घडी घालावी तशी मिटायची. अर्ध्या वाटेत जड लागली पाहिजे. मिटल्यावर तळहातावर तिचा ठसा उमटला, तर चाक पक्कं."

ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवायची.

आज त्याला उशीर झाला. सैल चाक बघून तिच्यातल्या इंजिनिअरला राहवेना. तिनं जोर लावून दांडी मिटलीच. तेवढ्यात तो फाटकातून येताना दिसला, तशी घाईघाईनं पुन्हा उघडली.

"आज तुम्हीच लावा. द्या हात, कुठं दाबायचं ते दाखवतो."

तिनं हुरळून हात पुढे केला. तळव्यावर दांडीचा लालबुंद, ताजा ठसा!

त्यानं हात धरून तो ठसा नीट निरखला. हात मात्र सोडला नाही.

 

"मागच्या चाकालाही अशीच दांडी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "उद्यापासून तीही सैल करायची, तर जरा लवकर येत जा."