हौद्याच्या काठावर

चिटगुप्प्याच्या तालमीत श्रीपतराव वस्तादांचा एक नेम फार कडक होता. काठावर दुसरं माणूस उभं असल्याशिवाय कोणी हौद्यातल्या मातीत उतरायचं नाही, मग ते नुसते जोर मारायला का असेना. "आईबापांनी पोरं माझ्या भरवशावर धाडल्यात. एकट्यात मान मोडली तर उचलणार कोण? जवाबदारी माझी हाय," ते म्हणायचे. रेवणप्पा त्यांचा लाडका पठ्ठा, पण एका सकाळी तो एकटाच मातीत दिसला, तसं त्यालाही त्यांनी कायमचं बाहेर काढलं.

पुढं पोरं नोकरीपायी हैदराबाद-सोलापूरकडं पांगली आणि तालीम ओस पडली. तरी वस्ताद रोज येऊन मारुतीपुढं अगरबत्ती लावायचे, काठावरूनच माती ताकानं शिंपायचे, अंगाला तेल चोळून लंगोट कसायचे आणि ऊन चढेपर्यंत दाराकडं तोंड करून बसून राहायचे.

एकदा दूध घेऊन घरी चाललेले गुंडेराव मास्तर दारात थबकले. "वस्ताद, रोज नुसतं बसायलाव. उतरत कामून न्हाईत?"

"एकट्यानं उतरायचं न्हाई. नेम हाय."

मास्तर हसले. "अहो, नेम तुमचाच. मोडला तरी बघायला हितं हाय कोण?" आणि उत्तराला न थांबता ते चालूही लागले.



"कोणीच न्हाई," वस्ताद रिकाम्या दाराला म्हणाले, "म्हणून तर उतरत न्हाई."