खडूची ओळ

"पाटी दोन्ही भाषांत होती ना?" चौकशी अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं.

"होती. वर अरबी, खाली इंग्रजी," मॅनेजर म्हणाला. त्यानं हात आधीच वर करून ठेवले होते.

पाटी तिथंच होती, मॅनहोलच्या तोंडाशी, नवीकोरी. अधिकाऱ्यानं मोबाईलमध्ये तिचा फोटो घेतला. रियाधमध्ये कुठंही खणलं की शेजारी दोन भाषांतली धोक्याची पाटी रोवायची, असा कंपनीचा दंडकच होता. तो पाळला गेला होता. फक्त मजूर बाळाराम सकाळी त्या मॅनहोलमध्ये उतरला, आणि माणसांनी त्याला दोरीनं वर ओढलं तेव्हा तो मेलेला होता.

सेफ्टी इंजिनिअर ज्ञानेश बाजूला उभा होता. तो नाशिकचा, आणि हाताखालची सगळी माणसं गुहागर-दापोलीकडची. अरबी त्यांच्यातल्या कुणाला येत नव्हतं, इंग्रजीची अक्षरं लागायची पण अर्थ लागायचा नाही. म्हणून ज्ञानेशनं स्वतःची पद्धत काढली होती. रोज सकाळी तो आत मीटर सोडायचा. गॅस असला की सिमेंटच्या कठड्यावर खडूनं मराठीत लिहायचा, 'गॅस आहे. उतरू नका.' गॅस गेला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. माणसं त्याच्या खडूकडे बघून कामाला लागत. याचा त्याला अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

आज नेमका कामाच्या पाहणीला इन्स्पेक्टर येणार होता. मॅनेजर सकाळीच वसकन अंगावर आला.

"हे काय गिरबटलंय? दोन भाषा म्हणजे दोनच. तिसरी दिसली तर आपली खैर नाही. यल्ला, पूस ते!"

"सर, खाली गॅस आहे."

"पाटी आहे ना?"

नोकरी कुणाला नको असते? ज्ञानेशनं फडकं ओलं केलं आणि कठडा पुसला. मग इन्स्पेक्टरला घेऊन तो पुढच्या मॅनहोलकडे गेला. इन्स्पेक्टरची पाठ फिरली की परत येऊन लिहू, असं त्याच्या मनात होतं. तो परत आला तेव्हा माणसं दोरी ओढत होती.

अधिकाऱ्यानं आता मुकादम बाबाजीकडे बोट दाखवलं. "हा जवळ होता ना? मयत खाली का उतरला, विचार त्याला."

बाबाजी आणि बाळाराम एका वाडीतले, कॅम्पात एका खोलीतले. दुभाषी म्हणून ज्ञानेशशिवाय कुणी नव्हतं. त्यानं विचारलं. घाईत उतरला असेल, असं काहीतरी बाबाजीनं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

"सायेब, मी त्याला अडवला," बाबाजी रडत म्हणाला. "म्हटलं, पाटी आहे रे. तर म्हणतो, पाटीचं काय, ती कोरड्या खड्ड्यावर पण असते. ज्ञानेश सायबांनी आपल्या हातानं खडू पुसलाय, मी बघितलंय. म्हणजे गॅस गेला. आणि उतरला."

"काय म्हणतोय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

ज्ञानेशनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर त्याच्याकडेच बघत होता.

"पाटी होती," ज्ञानेश इंग्रजीत म्हणाला. "यानं अडवलंही होतं. त्यानं ऐकलं नाही."

"खलास," म्हणून अधिकाऱ्यानं मोबाईल खिशात टाकला.

बाबाजीला इंग्रजी कळलं नाही. पण सायेब आपलंच बोलणं सांगताहेत, या भरवशानं त्यानं डोळे पुसले आणि मान डोलावली.