धोंडी

दोन हजार तीनलाही पावसानं दडी मारली. लोणीच्या बाजूला टँकर सुरू झाले, तेव्हा गावातली माणसं बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या चांगदेवकडे आली.

"बाबा, ल्हानपणी पावसासाठी तुमीच धोंडी व्हायचा. अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरायचा, बाया डोक्यावर पाणी वतायच्या," त्यांच्यातला सुदर्शन म्हणाला. "तुमच्या लोकांनी ते सोडलं, तवापासनं पावसाचा भरवसा न्हाई."

चांगदेव म्हणाला,

"गावच्या विहिरीला तवा आमाला शिवू देत नव्हते, भाऊ. आमी ओढ्याचं गढूळ पाणी प्यायचो. विहिरीचं पाणी तोंडात पडायचं ते फक्त धोंडीच्या दिवशी. पाऊस पडला की धोंडी बंद. म्हणून फिरताना मी मनात म्हणायचो, पावसा, पडू नगं."

"मग?"

"तरी पडायचा."